हूक उघडला तेव्हा

९ जानेवारी

चि. भिंगरी,

मामाचे आशीर्वाद. किती, ते नेहमीप्रमाणे तूच ठरव. मी मोजून पाठवले की तुला कमी पडतात.

तुझ्या पोलादाचे क्रेनचे हूक आले. लाकडी खोक्यातून, भुशात निजवून, बाळंतिणीच्या खोलीतून आणावेत तसे आले. तुझे वडील सकाळी डबा विसरून गेले होते, तो द्यायला मी यार्डात गेलो, म्हणून हा सोहळा मला पाहायला मिळाला. भाऊजी खोक्यापाशी असे उभे होते की जणू आतून नातवंडच निघणार आहे. माझ्या स्वयंपाकाबद्दल ज्यांच्या तोंडून आजवर बरा शब्द निघालेला नाही, ते गृहस्थ एक हूक दोन्ही हातांत धरून क्रेनवाल्याला म्हणाले, "हा आमच्या पोरीनं केलाय." जणू तो मांडीवर घेऊन तूच कानशीनं घासलास. मी ही चूक दुरुस्त केली नाही. सवयीविरुद्ध वागण्याचे असे प्रसंग मला क्वचित येतात, त्यामुळे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी शिट्टीकाका आले. म्हणजे रोजच्यासारखेच. दिवसभर क्रेनखाली उभं राहून नुसत्या शिट्टीवर आणि हातवाऱ्यांवर ओझी वरखाली करवणाऱ्या माणसाला संध्याकाळी बोलायला कुणीतरी लागतं, आणि ताई गेल्यापासून आमच्या घरात ऐकण्याचं खातं माझ्याकडे आहे. भाऊजी त्यांच्याशी बोलत नाहीत. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांना त्याची गरज वाटत नाही.

खोक्यात एक सूचनापत्रक होतं. भाऊजींनी ते न वाचता खिशात कोंबलं होतं, माझ्याच पोरीच्या हुकाचं मला काय शिकवता, अशा थाटात. मी ते काढून घेतलं आणि दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं, केवळ भाषेसाठी. "सदर हुकाचे तोंड उघडल्याचे आढळून आल्यास त्यास उष्णता देण्यात येऊ नये." भिंगरे, इतकी वर्षं संस्कृत शिकवतो आहे, पण एका वाक्यात कर्ता इतक्या कसोशीनं लपवलेला पाहिला नव्हता. शिट्टीकाका म्हणाले, "म्हणजे त्यानं तोंड उघडलं तर गरम काही द्यायचं नाही. थंडच पाजायचं." यावर भाऊजी हसले. मी 'हसले' असं लिहितो आहे, याचं महत्त्व तुला कळेलच. मग आम्ही तिघंही आळीपाळीनं ते वाक्य म्हणत बसलो. ते ज्या कारकुनानं लिहिलं असेल त्याला एकदा माझ्याकडे पाठव.

आणि मला एक समजावून सांग. भाऊजी म्हणतात, नरम पोलाद वजनाला वाकतं आणि कडक केलं तर तडकतं. मग तू नेमकं काय केलंस? झेपेल अशा भाषेत सांग. 'धातू' या शब्दावर कोटी न करण्याचं मी वचन देतो. ती माझ्या विद्यार्थ्यांनी पुरेशी केलेली आहे.

तुझा, अद्याप गंज न चढलेला,
मामा


२० जानेवारी

प्रिय मामा,

तो कारकून मीच. पाठवू का मला तुझ्याकडे?

मी साधंच लिहिलं होतं, पण आमच्या विभागप्रमुखांनी त्याला कोट-टाय घातला. (तू त्यांना न बघताच 'गुरुगंभीर' नाव ठेवलंस, ते आता इथे सगळेच म्हणतात. एक दिवस माझी नोकरी घालवशील.) फोनच करणार होते, पण फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसरंच काहीतरी वाचत असतोस, म्हणून लिहिते.

पोलाद म्हणजे बारीक कणांची गर्दी. कण घट्ट बसवले की ते जास्त वजन पेलतं, पण घट्ट बसलेल्यांना सरकायला जागा नसते. वजन हद्दीबाहेर गेलं की एका जागी चीर पडते आणि मग ती थांबत नाही. सैल ठेवलं तर उलट. ताणलं जातं, पण पेलत नाही. एक वाढवलं की दुसरं कमी होतं, हेच आमच्या धंद्याचं कायमचं रडगाणं. आम्ही कडक कणांच्या मधे एक नरम पदर ठेवला, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. ताण आला की हा पदर जिथे ताणला जातो तिथेच कडक होतो. मग ताण तिथे साचून राहत नाही, शेजारी सरकतो. तिथे कडक झालं की त्याच्या शेजारी. एकट्या जागेवर सगळं येत नाही. सगळा हूक मिळून ताण वाटून घेतो. हा पदर आम्ही भट्टीत, ठरलेल्या आचेवर, अगदी हळूहळू बसवतो. नंतर कुणी तो हूक लाल तापवला तर पदर गेला. उरते ती काच.

आता हे नीट वाच. बाबांचा तो लाकडी ठोकळा आठवतो ना? दर सोमवारी एकेका हुकाच्या तोंडात घालून बघायचे. ठोकळा सैल बसला की हूक उघडलाय. झिजलेला एक ठोकळा मला खेळायला दिला होता, मी त्याला झोपवत असे. तेव्हा शिट्टीकाका मला म्हणाले होते, "हुकानं तुटायच्या आधी बोललं पाहिजे गं. न बोलता तुटणाऱ्याखाली मी उभा राहणार नाही." मी हा हूक त्यांच्यासाठी केलाय, मामा. जुन्याच्या दुप्पट वजन पेलतो, आणि तरीही हद्द ओलांडली तर तुटायच्या आधी तोंड उघडतो. उघडला म्हणजे बिघडला नाही. उघडला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. मग तो उतरवायचा आणि माझ्याकडे पाठवून द्यायचा, बस. जुन्या हुकांसारखा गॅसवर लाल करून, हातोड्यानं मिटवून, पाण्याच्या पिंपात बुडवायचा नाही. ते जुनं पोलाद ते सगळं सहन करायचं. हे करणार नाही.

बाबांना हे वाचून दाखव. आठवणीनं.

तुझी कारकून,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

कारकुनाला उद्देशून जे जे बोललो ते मागे घेतो आणि गुरुगंभीरांच्या खात्यावर टाकतो.

नरम पदराची गोष्ट मला फार भावली. आमच्या घरात तो पदर म्हणजे ताई होती. आता मी आणि भाऊजी असे दोन कडक कण उरलो आहोत. सकाळी नळाच्या पाण्यावरून पहिली ठिणगी पडते.

आज्ञेप्रमाणे त्यांना वाचून दाखवायला बसलो. कणांच्या गर्दीपर्यंत ठीक चाललं होतं. मी पुढे जाऊ लागलो तेव्हा त्यांची नजर पत्राच्या खालच्या भागावर फिरत होती, आणि 'जुन्याच्या दुप्पट' हे शब्द त्यांना दिसले. ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या. शेजारच्या यार्डाचा मुकादम, ज्याच्याशी यांचं कधीही पटलेलं नाही, त्याला ही वार्ता त्याच क्षणी कळणं अत्यावश्यक होतं. परत आले ते दिग्विजय करून. पुढचं वाचू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सारांश सांगा, मास्तर." मी सारांश सांगितला: हूक उत्तम आहे, आणि मुलगी वडिलांवर गेलेली नाही. त्यांना दोन्ही मुद्दे मान्य झाले. उरलेलं यथावकाश सांगीन. सध्या त्यांनी साऱ्या यार्डात पैज लावली आहे की, काहीही झालं तरी आमच्या पोरीचा हूक तोंड वासणार नाही. त्यांच्या आनंदाला आजच सूचनापत्रक जोडावं असं मला वाटलं नाही.

तू हूक शिट्टीकाकांसाठी केलास, हे मात्र मी त्यांना लगेच सांगितलं. ते खिशातली शिट्टी काढून धोतराच्या फडक्यानं पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

तुझा, सारांशकार,
मामा


१७ मार्च

भिंगरी,

परवा फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते लिहितो.

दुपारची वेळ होती, जेवणाची सुट्टी व्हायची होती. पंपाचं मोठं ओतीव धड वॅगनमध्ये चढवत होते. वजन हुकाच्या ताकदीपुढे काहीच नव्हतं, असं सगळेच म्हणतात. शिट्टीकाका त्यांच्या नेहमीच्या जागी, जरा बाजूला. धड वर गेलं, आणि हूक तुटला. उघडला नाही, तुटला. क्रेनवाला म्हणतो, बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. धड खाली आलं आणि कलंडलं, ते त्यांच्या बाजूला. शिट्टी वाजली नाही. वाजवायला वेळच नव्हता.

भाऊजी धावत गेले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ते बोलत नाहीत. शिट्टीकाकांच्या घरी, काकूंच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरूनच परत आले. ताट समोर ठेवलं की जेवतात. एरवी खुर्चीत बसून उजव्या हाताची मूठ वळतात आणि सोडतात. इतक्या वर्षांचा मित्र डोळ्यांदेखत गेला, म्हणून मी त्यांना एकटं सोडलं आहे. त्या दिवसापासून एकच वाक्य बोलले: "तिला इकडे येऊ देऊ नका."

शोकसभा झाली. यार्डाचे मालक भरभरून बोलले. शिट्टीकाकांचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं. शिट्टीकाका असते तर त्यांनी शिट्टी मारून भाषण खाली उतरवलं असतं. तुला हसवण्याजोगं एवढंच सापडलं. तेही नीटसं नाही.

तुझा, बडबडीला मुकलेला,
मामा


२८ मार्च

मामा,

मला येता आलं नाही याचं कारण बाबांचं वाक्य नाही. चौकशी संपेपर्यंत यार्डातल्या कुणाशीही भेटायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. पत्राबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. आता पत्र लिहितं कोण, असं त्यांना वाटत असेल.

तुटलेला हूक इथे आला. तो आधी गुरुगंभीरांनी आणि नंतर मी, वेगवेगळा तपासायचा, असं ठरलं. पेटी उघडून मी बराच वेळ त्याला हातच लावला नाही.

ताणून तुटलेल्या पोलादाची कड करडी, पिंजलेल्या सुतासारखी दिसते. ही चकाकत होती, खडीसाखरेसारखी. म्हणजे काच. म्हणजे माझा पदर तिथे नव्हता. मी आधी माझ्या भट्टीला आणि मग स्वतःला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. मग नुसतं हाताच्या सवयीनं कानस फिरवली. सगळीकडे ती नीट चावली. पण वळणाच्या आतल्या बाजूला, जेमतेम चार बोटांच्या टापूत, ती काचेवरून घसरावी तशी नुसती घसरत राहिली. तेवढाच भाग कुणीतरी लाल तापवलाय आणि पाण्यात बुडवलाय. तिथला रंग खरवडून वर नवा लावलाय, तोही माझ्या रंगापेक्षा जरा गडद. माझ्याकडून निघालेला हूक तसा नव्हता.

गुरुगंभीर म्हणतात, हे तुमचं अनुमान. यार्डातलं कुणी 'आम्ही तापवला' असं सांगेपर्यंत तुमच्या भट्टीतल्या एका खेपेत चूक झाली असंच धरावं लागेल. ते सगळ्यांनाच सोयीचं आहे. माझी नोकरी जाईल आणि शिट्टीकाकांना मी मारलं असं लिहिलं जाईल, ते एक झालं. पण ते मग तेवढी एकच खेप परत मागवतील. बाकीच्या खेपा ज्या ज्या यार्डांत गेल्यात तिथेच लटकत राहतील. आणि गॅस, हातोडा आणि पिंप प्रत्येक यार्डात असतं, मामा.

म्हणून बाबांना विचार. त्यांच्या नकळत तिथे हातोडासुद्धा जागचा हलत नाही. नव्यांपैकी कुणी केलं असेल किंवा क्रेनवाल्यानं. त्याला म्हणावं, कुणी फासावर देत नाहीये. फक्त सांग.

भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. यार्डात चौकशी केली. हूक कुणी तापवल्याचं कुणालाही माहीत नाही. भाऊजींनाही माहीत नाही. त्यांची प्रकृती ठीक आहे. मीही ठीक आहे. इकडे उन्हाळा वाढला आहे.

अहवालात तुला योग्य वाटेल ते लिही. भट्टीत चूक होऊ शकते, तो काही गुन्हा नाही. तू हुशार आहेस, नोकरी दुसरी मिळेल. जेवणखाण वेळेवर करत जा.

मामा


१३ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही टोमणा नाही. गुरुगंभीरांना एक चिमटासुद्धा नाही. आई गेली तेव्हाच्या पत्रातही तू डॉक्टरांच्या केसांच्या टोपाबद्दल लिहिलं होतंस. आणि खाली नुसतं 'मामा'. तुला असं सही करता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

शिवाय तू मला म्हणतोस, चूक तुझी म्हणून टाक आणि नोकरी दुसरी बघ. परीक्षेत माझा एक गुण कमी केला म्हणून शाळेत जाऊन भांडलेला माणूस तू. तू मला कुणासाठी तरी सोडतो आहेस. आणि मला सोडून तुझ्याकडे एकच माणूस आहे.

मला 'कोण' कळलं. 'का' अजिबात कळत नाही. बाबांनी तोंड उघडलेला हूक बघितला असेल तर त्यांना आनंद व्हायला हवा होता.

'यार्डात तापवला' असं मी अहवालात लिहिलं आहे. महिनाअखेरीस समितीपुढे उभं राहायचंय. 'कोणी तापवला?' असं विचारतील. मला खोटं बोलता येईल. ते काही अवघड नाही. पण मग दुसऱ्या कुठल्यातरी यार्डात कुणीतरी शिट्टी तोंडाशी नेईल आणि ती वाजायची राहून जाईल, आणि ते मला आधीपासून माहीत असेल. म्हणून मी सांगणार. त्याआधी त्यांनी स्वतः सांगितलं तर ते माझ्या तोंडून जाणार नाही. मला तेवढंच हवंय.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं.

भिंगरी


२५ एप्रिल

भिंगरी,

सगळं वाचून दाखवलं. या वेळी ते उठले नाहीत. मागच्या पत्रानंतर 'हूक कुणी तापवला' असं विचारलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यावरूनच मी ओळखलं आणि तुला ते कोरडं पत्र लिहिलं.

'का' तुला कळत नाही असं तू लिहिलंस, तिथे मी थांबलो. भाऊजी म्हणाले, "वाचा पुढे." पुढचं संपल्यावर पाणी प्यायले आणि मग बोलले. सव्वा महिन्यात बोलले नव्हते ते सगळं. शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहितो. मधे मी काहीही सुधारलेलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक जुनं यंत्र त्याच्या पायावरून उचलायचं होतं. खालचा एक बोल्ट सोडायचा राहून गेला. क्रेननं ओढ घेतली, यंत्र जागचं हललं नाही, आणि तुझ्या हुकानं तोंड उघडलं. शिट्टीकाकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी शिट्टी मारली, क्रेन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. तू जसं सांगितलं होतंस तसंच्या तसं घडलं.

आणि तुझ्या वडिलांना काय दिसलं, तर पोरीचा हूक वाकला.

ज्या यार्डात पैज लावली त्याच यार्डात. उतरवून तुझ्याकडे पाठवायचा म्हणजे कार्यालयात नोंद होणार, नोंद तुझ्या साहेबांकडे जाणार. सगळे जेवायला गेल्यावर भाऊजींनी आणि शिट्टीकाकांनी तो खाली घेतला. भाऊजी म्हणाले, पाठवावा का काय करावं, माझं ठरत नव्हतं. शिट्टीकाका म्हणाले, "मिटवून टाक. पोरीचं नाव जाईल." भाऊजींनी गॅस पेटवला. सांडशी शिट्टीकाकांनी धरली. हूक लाल झाला, हातोड्याच्या ठोक्यांनी मिटला, ठोकळा पूर्वीसारखा घट्ट बसला. पिंपात बुडवताना शिट्टीकाका म्हणाले, "थंडच पाजतोय हां, मास्तरांना सांग." भाऊजी म्हणाले, "आम्ही हसलो."

हे वाक्य सांगून झाल्यावर ते परत मूठ वळू लागले. तेव्हा मला कळलं की ती मूठ हातोड्याची आहे. इतके दिवस मी तिला दुःख समजत होतो.

'उष्णता देण्यात येऊ नये' हे वाक्य दोघांनी ऐकलं होतं, माझ्याच तोंडून, आणि मी ते भाषेसाठी वाचलं होतं. पत्राचा उरलेला भाग 'यथावकाश' राहिला. याबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि आधी काकूंकडे गेले. मी बरोबर होतो. या वेळी उंबरा ओलांडला. उभ्यानंच सांगितलं, आड पडदा न ठेवता. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या; शिट्टीकाकांचेच सदरे, कुणाला तरी द्यायला काढलेले. त्यांनी विचारलं, "सांडशी ह्यांनी धरली होती?" भाऊजी म्हणाले, हो. काकूंनी हातातली घडी पुरी केली, आणि म्हणाल्या, "मग मी कुणावर चिडायचं, ते तरी सांगून जा."

तिथून यार्डाच्या कार्यालयात. मालकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, ती जबाब लिहून होईपर्यंतच होती. संध्याकाळी पोलीस घरी आले आणि त्यांना घेऊन गेले. वकील पाहिला आहे. तो फार बोलतो, आणि दर वाक्यात मला 'सर' म्हणतो. हे शुभ लक्षण नव्हे.

काल भेटू दिलं. जाळीच्या पलीकडे होते. कपडे दिले, तुटकी दांडी बांधून नेलेला चष्मा दिला. त्यांनी वकिलाबद्दल विचारलं नाही की घराबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "तिला एक विचारा. उघडला तेव्हा तो हूक चांगला होता ना?"

मी म्हटलं, चांगला होता, तिनं आधीच लिहिलं होतं.

म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काय कळतंय, मास्तर. तिला विचारा."

भिंगरे, उत्तर लिहिण्याआधी जरा थांब. 'हो' म्हणालीस तर त्यांची पोर खरी ठरेल. आणि तो हूक तसाच सोडला असता तर मित्र आज घरी असता, हेही ठरेल, आणि ते त्यांना रोज उठल्यावर नव्यानं कळत राहील. 'नाही, माझंही थोडं चुकलं होतं' असं म्हणालीस तर ओझं वाटलं जाईल. तुझा तो पदर. त्यांना झोप लागत नाही असं तिथला शिपाई म्हणाला. अहवालात खरं लिहिलंस, ते पुरे झालं. एका म्हाताऱ्या माणसाला जाळीपलीकडे थोडं खोटं मिळालं तर कुठल्याही यार्डात काही तुटणार नाही. मुलांच्या उत्तरात एक मात्रा चुकली तर गुण कापणारा मी तुला हे सुचवतो आहे, यावरून इथली परिस्थिती समजून घे.

तुझा मामा. आज विशेषण सुचत नाही.


३ मे

मामा,

बाबांचा जबाब समितीपुढे वाचला गेला. तो ऐकताना मला उभं राहावं लागलं, तसा तिथला नियम आहे. 'कोणी तापवला?' असं मला कुणी विचारलंच नाही. त्याच दिवशी सगळ्या यार्डांना कळवलं गेलं. दोन ठिकाणी तापवून मिटवलेले हूक सापडले. त्यातला एक त्या वेळी वजनाखाली होता. खाली उभ्या असलेल्या माणसाला जेवायला पाठवून मग तो उतरवला. तो माणूस कोण, ते मी विचारलं नाही.

नोकरी आहे. भट्टीपासून मला सध्या लांब ठेवलंय. गुरुगंभीर मला बघितलं की मान खाली घालतात. त्यांना तू ठेवलेलं नाव आता कुणी घेत नाही.

तू सुचवलंस ते मी करून पाहिलं. 'माझंही थोडं चुकलं' असं लिहिलं. कागदावर ते खरंसुद्धा वाटत होतं. मग मला दिसलं, की बाबांनीही नेमकं हेच केलं होतं. माझं उघडलेलं काहीतरी कुणाला दिसू नये म्हणून ते गुपचूप मिटवलं. मी तो कागद फाडला.

वेगळ्या घडीत बाबांसाठी हे आहे. तूही वाच, लपवण्यासारखं त्यात काही नाही:

"बाबा, उघडला तेव्हा तो हूक चांगला होता. मी तो तसाच उघडावा म्हणून केला होता. शिट्टीकाकांनी शिट्टीही वेळेवर मारली. त्या दिवशी तुम्ही सगळे वाचला होतात. हे मी तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं. मी कागदावर लिहिलं. रविवारी भेटायला येते. येऊ नको म्हणालात तरी येते."

मामा, हा कागद त्यांच्या हातात दे. चष्मा लावायला सांग आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांब. सारांश सांगू नकोस.

भिंगरी